पी म्हणजे पहाडगंज

आमच्या घराण्यात रोगाचं निदान डॉक्टरकडे जायच्या आधीच होतं. आजोबांना दोन शिंका आल्या की आजी न्यूमोनिया ठरवून मोकळी व्हायची, आणि डॉक्टर नुसती सर्दी म्हणाले तर डॉक्टर बदलायची. बत्तीस वर्षं बँकेत काढूनही हा वारसा माझ्यातून गेला नाही. फक्त घरात आता माझं निदान ऐकून घ्यायला कुणी तयार नसतं. म्हणून मी ते गाडीवर करतो.

गाडी 2011 सालची, पेट्रोलवर चालणारी, छोटी आणि ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण या हकिगतीत कंपनीची काही चूक नाही. त्या काळात ऑटोमॅटिक गाडी घेणारा माणूस एक तर पैसेवाला असायचा, नाहीतर त्याचा गुडघा दुखत असायचा. माझा डावा गुडघा दुखायचा. 2014 मध्ये मारुतीची सेलेरिओ स्वस्तातली एएमटी घेऊन आली आणि क्लचचं पेडल नसलेल्या गाड्या घरोघरी झाल्या. एएमटीत गिअरपेटी साधीच असते, क्लच दाबायला आणि गिअर बदलायला तेवढा एक यांत्रिक नोकर ठेवलेला असतो. माझी गाडी जुन्या खानदानातली, टॉर्क कन्व्हर्टरवाली, चार गिअरची. हा फरक मी दिल्लीतल्या बहुतेक मराठी कुटुंबांना समजावून सांगितला आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी नंतर आमच्याकडे येणं कमी केलं आहे.

दिल्लीत गाडीचं वय हा घरगुती विषय राहिलेला नाही, तो न्यायालयीन विषय आहे. दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी रस्त्यावर नको, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये पक्कं केलं. 1 जुलै 2025 पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं, पंपापंपावर कॅमेरे लागले, आणि काही दिवसांतच ते लांबणीवर पडलं. 12 ऑगस्टला न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नका म्हणून सांगितलं. हे सगळं मी रोज सकाळी गाडीशेजारी उभा राहून मोठ्याने वाचत असे. गाडीला चौदा पूर्ण झाली होती. घरातल्या म्हाताऱ्यासमोर सारखं ‘आता किती दिवस’ चाललं की त्याची तब्येत बिघडतेच. गाडीचीही बिघडली.

लक्षणं तीन होती. एक, डी म्हणजे ड्राइव्हमध्ये टाकली की पोटातून ‘धप्’ असा आवाज यायचा. दोन, गुरुग्रामच्या रस्त्याला ताशी ऐंशीवर गेलं की एंजिन किंचाळायचं, पण चौथा गिअर पडायचा नाही. तीन, सकाळी कधी कधी पी म्हणजे पार्कमधून गिअरचा दांडा हलायचाच नाही. ब्रेक चारपाचदा धपाधप तुडवला की मग रुसवा सोडायचा.

मी त्याच दिवशी निदान केलं, गिअरपेटी गेली.

निदान झाल्यावर पुरावे गोळा करायचे, ही आमची पद्धत. ऑटोमॅटिक पेटीचं सगळं आयुष्य तिच्या तेलावर असतं, हे मला वाचून ठाऊक होतं. तेल लालसर आणि स्वच्छ असावं. तपकिरी झालं आणि जळका वास आला तर आतले क्लच झिजले. दुधाळ गुलाबी झालं तर रेडिएटरचं पाणी आत शिरलं. मी बॉनेट उघडलं, तेल बघायची पट्टी उपसली, जुन्या बनियनला पुसली. काळंकुट्ट! वास घेतला. जळका! बायकोला बोलावून बनियन दाखवला. ती म्हणाली, ‘‘अहो, हा चांगला होता.’’

पुढे दोन महिन्यांनी मला कळलं, की मी उपसलेली पट्टी एंजिनच्या तेलाची होती. ते काळंच असतं. पेटीची पट्टी वेगळी, लाल मुठीची, खाली बॅटरीच्या आडोशाला दडलेली. चौदा वर्षांत तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, आणि मालकाचं तर मुळीच नाही.

पुराव्यानंतर अभ्यास. तेव्हा मला कळलं की ऑटोमॅटिक पेटीत ग्रहमाला असते. उपमा देत नाही, दातेरी चाकांच्या त्या जुळणीचं नावच तसं आहे. मध्ये सूर्य नावाचं चाक, त्याच्याभोवती फिरणारे छोटे ग्रह आणि सगळ्यांना वेढणारं कडं. यातल्या एकाला धरून ठेवलं आणि दुसऱ्याला फिरवलं की तिसरं निराळ्या वेगाने फिरतं. कुणाला धरायचं आणि कुणाला सोडायचं ते तेलाच्या दाबावर चालणारे क्लच बघतात, तेलाला वाट करून देते ती व्हॉल्व्ह बॉडी, आणि तिच्यावरच्या सोलेनॉइडांना हुकूम सोडतो एक छोटा संगणक. ग्रह आणि कडं हे दोन शब्द एकत्र वाचल्यावर माझ्या मनात दुसरं नाव येणं शक्यच नव्हतं. शनी! मी पुढचे तीन शनिवार गाडीच्या चाकांवर तेल घातलं. ते मात्र बरोबर, गोडं.

एंजिन आणि ही ग्रहमाला यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर बसतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरायला लागतात. इथे वाऱ्याच्या जागी तेल. हेरमान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरने 1905 च्या सुमाराला ही करामत जहाजांसाठी काढली, आणि 1939 मध्ये जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल गाडीत पूर्ण ऑटोमॅटिक पेटी बाजारात आणली. एवढ्या घराणेदार यंत्राची माझ्या हाती काय अवस्था झाली, या विचाराने मला त्या रात्री जेवण गेलं नाही. बायको म्हणाली की दुपारची मिसळ नडली असेल.

मग आला तो दिवा. डॅशबोर्डवर कोपऱ्यात पिवळ्या अक्षरांत ‘ओ/डी ऑफ’ असं उमटलेलं असायचं. कधीपासून, ते आठवत नव्हतं. पण बत्तीस वर्षांच्या बँकवाल्याला ओडी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ओव्हरड्राफ्ट! तो ऑफ आहे, म्हणजे बंद आहे, म्हणजे उत्तम आहे. हा दिवा बघून मला रोज थोडं समाधानच वाटायचं.

ओडी म्हणजे ओव्हरड्राइव्ह, म्हणजेच चौथा गिअर, हे मला फार उशिरा समजलं. गिअरच्या दांड्याच्या बाजूला अंगठ्याखाली एक बारकं बटण असतं. घाटात उतरताना किंवा ओव्हरटेक करताना चौथा नको असेल तर ते दाबायचं. माझा अंगठा तिथेच विसावतो. म्हणजे चौथा गिअर मीच बंद करत होतो, आणि तो पडत नाही म्हणून शनीला तेलही मीच घालत होतो.

पण तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. उलट माझ्या वाचनात ‘सेफ मोड’ आला. पेटीत काही बिघाड झाला की संगणक धोका पत्करत नाही, अशा चार गिअरच्या गाड्यांत तो गाडीला तिसऱ्यात अडकवून ठेवतो, म्हणजे निदान घरापर्यंत पोहोचता येतं. माझी गाडी तिसऱ्याच्या पुढे जात नव्हती. जुळलं! एका गॅरेजवाल्याला मी हे सगळं इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं, की त्याने गाडी न बघताच मान डोलावली आणि पेटी उतरवून उघडण्याचे पंचावन्न हजार सांगितले. मला त्याचा रागही आला नाही. मी रोग सांगितला, त्याने दर सांगितला.

पंचावन्न हजार ऐकून बायकोने गाडी विकायचा विषय काढला. वेळ मिळावा म्हणून मी करोल बागेतून बाराशे रुपयांचा निळा स्कॅनर आणला. काडेपेटीएवढा. स्टिअरिंगखालच्या खोबणीत खुपसायचा, मोबाइलला जोडायचा, आणि गाडी आपली दुखणी आकड्यांत सांगते. सातशेच्या घरातले कोड पेटीचे. मी श्वास रोखून बटण दाबलं. पडद्यावर उमटलं, पी 0703, आणि खाली ‘टॉर्क कन्व्हर्टर’.

मी मोबाइल मिटला. आणखी काय वाचायचं राहिलं होतं? टॉर्क कन्व्हर्टर!

राहिलं होतं ते असं, की त्या शब्दांपुढे एक तिरपी रेघ होती आणि रेघेच्या पुढे, खालच्या ओळीत, ‘ब्रेक स्विच’ असं लिहिलेलं होतं. ब्रेक दाबला की मागचा दिवा लावणारा तो साधा स्विच. पेटीच्या संगणकालाही त्याची बातमी लागते, म्हणून त्याची तक्रार पेटीच्या कोडांत येते. पण मी रेघेशीच थांबलो. ज्याने बत्तीस वर्षं खातेदारांना ‘फॉर्मवर खाली काय लिहिलंय? कृपया मागे पाहा!’ म्हणून काउंटरवरून परत पाठवलं, तो मी.

मागे पाहा, असं मला त्या आठवड्यात रस्त्यावरही खूप जण सांगत होते. सिग्नलला थांबलो की मागचे लोक करकचून ब्रेक लावायचे आणि हॉर्न वाजवायचे. पण दिल्लीत मागून हॉर्न वाजणं ही काही बातमी नव्हे. एक रिक्षावाला तर शेजारून जाताना ओरडला, ‘‘अंकल, पीछे की बत्ती!’’ मला ती नवीन शिवी वाटली. मी काच वर केली.

आणि दसऱ्यानंतर साताऱ्याहून काका-काकू आले.

त्यांना हरिद्वारला जायचं होतं, वाटेत दोन दिवस आमच्याकडे. पुण्याहून झेलम एक्सप्रेस धरलेली. काका एसटीच्या डेपोतून वर्कशॉपचे मुख्य म्हणून निवृत्त झालेले. झेलम त्या रात्री वेळेवर आली, हा माझ्यावर झालेला पहिला अन्याय. स्टेशनच्या पहाडगंज बाजूला पैसे देऊन गाडी लावायची सोय आहे. पण मी पहाडगंजचा जुना माहीतगार. बदली होऊन दिल्लीत आलो तेव्हा पहिला महिना इथल्याच एका लॉजमध्ये काढला होता. बृहन्महाराष्ट्र भवन इथे, नूतन मराठी शाळा इथे. दिल्लीतल्या मराठी माणसाला पहाडगंज म्हणजे अर्धं माहेर. अशा माणसाने पार्किंगला पैसे द्यायचे? मी आराकशां रोडच्या एका बोळात, एका हॉटेलच्या दारापाशी गाडी घातली आणि पी मध्ये टाकून स्टेशनात गेलो.

परत आलो तेव्हा माझ्या हातात दोन पिशव्या, काकांच्या खांद्यावर आंबेमोहोराचं पोतं आणि काकूंच्या कडेवर कंदी पेढ्यांचा डबा. हॉटेलांच्या हिरव्या-लाल पाट्या लुकलुकत होत्या. ई-रिक्षा, हमाल, पाठीवर घराएवढी पिशवी घेतलेले गोरे प्रवासी, भजी तळणारा, आणि मध्ये एक गाय. सामान भरलं. काकू म्हणाल्या की पोतं नीट राहिलंय का बघते, आणि गाडीच्या मागेच उभ्या राहिल्या. काका ऐटीत पुढे बसले. मी किल्ली फिरवली, ब्रेक दाबला, दांडा ओढला.

दांडा हलला नाही.

ब्रेक तुडवला. पाच वेळा. दहा वेळा. दांडा पी मध्ये, शपथ घेतल्यासारखा. मागून एक ई-रिक्षा आली, तिच्यामागे दुसरी, त्यांच्यामागे भाज्यांची हातगाडी. समोरून एक टेंपो आला. दोन मिनिटांत आराकशां रोडची सगळी वाहतूक माझ्या गुडघ्यापाशी येऊन ठेपली.

‘‘भाईसाब, हटा लो यार!’’

‘‘नहीं हट रही!’’

‘‘न्यूट्रल में डालो!’’

‘‘वही तो नहीं हो रहा!’’

पहाडगंजात माणूस अडला की सल्ला मागावा लागत नाही. भजीवाल्याने बॅटरी सांगितली. एका हमालाने पेट्रोल. कुणी म्हणालं, सेकंडमध्ये टाकून धक्का मारा. अशाही स्थितीत माझ्यातला शिक्षक जागा झाला आणि मी खिडकीतून समजावलं की ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही, पेटीतल्या तेलाचा पंप एंजिनवर चालतो, एंजिन बंद तर दाब नाही, दाब नाही तर... ‘‘अंकल, गाडी तो चालू है,’’ एक पोरगं म्हणालं. खरंच, एंजिन चालूच होतं.

तरी आठ जणांनी धक्का मारला. दिल्लीत धक्का मारायला माणसं बोलवावी लागत नाहीत. गाडी तसूभर सरकली नाही. सरकणारही नव्हती, कारण पी मध्ये पेटीच्या आत एक लोखंडी खिटी चाकाच्या दातांत जाऊन बसते आणि पुढची चाकं जखडली जातात. आठ काय, ऐंशी जण लागले असते तरी फक्त टायर घासले असते. मला हे ठाऊक होतं, पण एवढी माणसं मनापासून ढकलत असताना सांगणं बरं दिसेना.

काका आतापर्यंत शांत होते. त्यांनी दांड्याकडे असं पाहिलं, जसं डेपोत नव्या कंडक्टरकडे पाहत असतील.

‘‘बाळू, याच्या खालची सळई वाकली. एसटीत आम्ही...’’

‘‘काका, एसटीत पी नसतो.’’

‘‘म्हणून तर ती चालते!’’

लोक हसले. त्यांना मराठी कळलं नव्हतं, पण पुतण्याचा अपमान कुठल्याही भाषेत कळतो.

एवढ्यात मागून काकूंचा आवाज आला. ‘‘बाळू, ब्रेक दाबतोयस ना रे?’’

‘‘दाबतोय, काकू!’’

‘‘मग दिवा का लागत नाही? सगळ्यांचा लागतोय, तुझाच नाही.’’

‘‘काकू, इथे गिअरबॉक्स गेलाय,’’ मी म्हणालो, ‘‘दिव्याचं नंतर बघू.’’

‘‘तू पोत्याकडे बघ,’’ काका म्हणाले. एक निवृत्त मुख्य मेकॅनिक आणि एक स्वयंघोषित निदानतज्ज्ञ, आम्हा दोघांचं त्या रात्री याच एका गोष्टीवर एकमत झालं.

काकू गप्प बसणाऱ्यांतल्या नाहीत. आम्ही ऐकेना, तेव्हा हॉटेलच्या दारात गाड्या लावायला उभ्या असलेल्या पोराला त्यांनी खुणेने बोलावलं आणि बोटाने गाडीची पाठ दाखवली. ‘‘लाल नाही,’’ एवढंच म्हणाल्या. पोराला मराठी येत नव्हतं. पण त्याचा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या बोळात घालण्यात गेलेला. तो मागे गेला, ‘‘अंकल, दबाओ,’’ म्हणाला, मी दाबला. तो खिडकीशी येऊन हात पुढे करून उभा राहिला.

‘‘चाबी निकालो.’’

मी किल्ली दिली. गिअरच्या दांड्याशेजारी प्लास्टिकची एक टिकली होती. चौदा वर्षं मी ती शोभेची समजत होतो. त्याने नखाने ती उचकटली, खालच्या भोकात किल्लीचं टोक दाबलं, मला ब्रेक दाबायला लावून दुसऱ्या हाताने दांडा ओढला. दांडा लोण्यातून सुरी जावी तसा एन मध्ये गेला.

‘‘ब्रेक की बत्ती नहीं जल रही,’’ तो म्हणाला. ‘‘गाडी को पता ही नहीं कि आपने ब्रेक मारी है. तो लॉक कैसे खोले?’’

दोन महिने, एक बनियन, तीन शनिवार, बाराशेचा स्कॅनर. आणि उत्तर हॉटेलच्या दारात उभ्या असलेल्या पोराने दोन वाक्यांत दिलं. ब्रेकवर पाय असल्याची खात्री पटल्याशिवाय दांडा पी मधून सोडायचा नाही, ही सुरक्षेची सोय. गाडीला पाय दिसत नाही, तिला स्विच सांगतो. स्विच मेला तर तुम्ही ब्रेकवर उभे राहा, गाडीच्या लेखी तुमचा पाय नाहीच. कुणी अशा वेळी अडकू नये म्हणून ते किल्लीचं भोक.

मी पोराला शंभराची नोट दिली. त्याने ती खिशात घातली आणि म्हणाला, ‘‘बत्ती के बिना दूर मत जाना, कोई ठोक देगा.’’ काकूंनी त्याला दोन पेढे दिले. त्याने ते आधी खाल्ले.

आता दिव्याविना घरापर्यंत कसं जायचं? काकांनी पिशवीतून टॉर्च काढली. काकूंनी तिला लाल खणाचा तुकडा गुंडाळला, देवीला नेत होत्या त्यातला. काका मागच्या सीटवर पाठ फिरवून बसले. मी पहाडगंजातून पायी चालणाऱ्यांच्या वेगाने गाडी काढली. ‘‘ब्रेक!’’ म्हणून मी ओरडायचो आणि काका मागच्या काचेतून टॉर्च दाखवायचे. एसटीच्या शिस्तीचा माणूस, दोनदा मी ब्रेक न मारताच त्यांनी दिवा दाखवला, आणि मला म्हणाले, ‘‘तिथे मारायला हवा होता.’’ हे सगळं जेमतेम पाचशे मीटर. तिथून पुढे जायची माझी हिंमत नव्हती. रात्री गाडी ठेवली कुठे? स्टेशनच्या त्याच पैसे देऊन लावायच्या पार्किंगमध्ये. घरी आम्ही टॅक्सीने गेलो.

दुसऱ्या दिवशी काकांनी करोल बागेतले एक सरदारजी शोधून काढले. वय सत्तरीचं, हात काळे, बोलणं कमी. त्यांच्या पोराने पार्किंगमध्येच पेडलखाली डोकं घालून दहा मिनिटांत नवा स्विच बसवला. तीनशे चाळीस रुपये. मग गाडी वर्कशॉपात नेली आणि मी सरदारजींना सेफ मोडपासून शनीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं,

‘‘पहला गिअर लगता है?’’

‘‘हां.’’

‘‘दूसरा?’’

‘‘हां.’’

‘‘तो सेफ मोड कैसा, जी?’’

खरंच. सेफ मोडमध्ये गाडी सुटतेच तिसऱ्यात, मरगळल्यासारखी. माझी तर पहिल्यातून छान सुटत होती. मग त्यांनी माझा अंगठा उचलला, त्याखालचं बटण दाबलं, पिवळा दिवा विझला. ‘‘ये लो चौथा,’’ म्हणाले. दोन महिन्यांचं दुःख त्यांनी माझ्या अंगठ्याखालून काढून दाखवलं. डी मध्ये टाकतानाचं ‘धप्’ हे पेटीचं नव्हतं, एंजिन ज्या रबरी पायांवर बसतं त्यातला एक फाटला होता. तो बदलला. पेटीचं तेल त्यांनी माझ्यासमोर तपासलं. सपाट जागा, एंजिन चालू, गाडी तापलेली, दांडा पी पासून खालपर्यंत सगळ्या घरांतून सावकाश फिरवून परत, आणि मग लाल मुठीची पट्टी, दोनदा पुसून. तेल जुनं झालं होतं, पण जळलेलं नव्हतं. बदललं. सगळं मिळून खर्च नऊ हजारांच्या आत. बनियन धरून.

काका-काकू हरिद्वारला गेले. काकांनी साताऱ्याला परतल्यावर डेपोतल्या जुन्या मित्रांना सांगितलं की दिल्लीत भर रस्त्यात त्यांनी टॉर्चवर गाडी आणली. काकूंनी फोनवर फक्त एवढं विचारलं, ‘‘दिवा लागतो ना रे आता?’’

लागतो. रोज सकाळी बघतो. गाडीला आता पंधरावं लागलंय, आणि न्यायालय तिचं काय करील ते करो, पण निदान माझ्या निदानाने ती मरणार नाही.

वाचकहो, तुमची जुनी ऑटोमॅटिक रुसली असेल तर पेटी उतरवण्याआधी अंगठ्याखालचं बटण बघा, लाल मुठीची पट्टी बघा, आणि स्कॅनरवरचं वाक्य शेवटपर्यंत वाचा. आणि त्याही आधी कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा. ते माणूस काय सांगतंय ते ऐका. माणूस नसेल तर संध्याकाळी गाडीची पाठ भिंतीकडे करा, ब्रेक दाबा आणि आरशात बघा. भिंत लाल झाली पाहिजे.